लॅपटॉपचा सोल्डर केलेला प्रोसेसर बदलता येईल का? त्याआधी काय तपासायचं

‘लॅपटॉप फार हळू झालाय, आय३ काढून आय७ टाकता येईल का?’ हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तर एकदा नीट, सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. रॅम वाढवता येते, हार्ड डिस्क काढून एसएसडी घालता येते, मग प्रोसेसरच का नाही, हा विचार साहजिक आहे. डेस्कटॉपवर हे काम एक स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडी थर्मल पेस्ट एवढ्यावर होतंही.

आधी थेट उत्तर देतो. २०१५ नंतरच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला, म्हणजे धातू वितळवून पक्का जोडलेला असतो. तो घरी बदलता येत नाही. चांगल्या तंत्रज्ञाकडे यंत्रसामग्री असली तरी वरच्या मॉडेलचा प्रोसेसर बसवून लॅपटॉप सुरळीत चालेल याची खात्री नसते, आणि चाललाच तर मिळणारा फायदा बहुधा फार थोडा असतो. पण म्हणून लॅपटॉप निकालात काढू नका. ‘प्रोसेसर कमी पडतोय’ अशी तक्रार असलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर चांगला असतो, फक्त त्याला त्याच्या वेगाने धावू दिलं जात नसतं. ते दुरुस्त करता येतं, आणि बऱ्याचदा घरच्या घरी.

तुमचा प्रोसेसर सुटा आहे की सोल्डर केलेला?

इथेच पहिली गफलत होते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ टॅबवर सीपीयू निवडलं की खाली ‘सॉकेट्स: १’ असं दिसतं. ते वाचून अनेकांना वाटतं की आपल्याकडे सॉकेट आहे, म्हणजे प्रोसेसर काढता येईल. तो आकडा मशीनमध्ये किती प्रोसेसर आहेत एवढंच सांगतो. सोल्डर केलेल्या प्रोसेसरलाही तिथे १ च दिसतो.

खरी माहिती सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममधल्या ‘पॅकेज’ या रकान्यात मिळते. तिथेही ‘सॉकेट १३५६ एफसीबीजीए’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातल्या ‘सॉकेट’कडे दुर्लक्ष करा आणि ‘बीजीए’ ही तीन अक्षरं शोधा. ती असली की प्रोसेसर सोल्डर केलेला आहे. ‘पीजीए’ असेल तर तो पिनांचा, म्हणजे सुटा निघणारा.

इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून चौथ्या पिढीच्या हॅसवेलपर्यंत, म्हणजे साधारण २००९ ते २०१४ या काळात, बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुटे प्रोसेसर असायचे. सॉकेट जी१, जी२ आणि जी३ ही त्यांची नावं. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एम’, ‘क्यूएम’ किंवा चौथ्या पिढीत ‘एमक्यू’ असेल तर तो सुटा असण्याची शक्यता आहे. ‘शक्यता’ म्हणतोय, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीतले ‘एम’वाले काही प्रोसेसर दोन्ही प्रकारांत निघाले होते. ‘यू’, ‘वाय’ आणि ‘एचक्यू’ हे मात्र कायम सोल्डर केलेलेच. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठी सुटे प्रोसेसर बंद केले. एएमडीकडेही एफएस१ मालिकेच्या सॉकेटनंतर लॅपटॉपमध्ये तीच वाट धरली गेली. नंतर काही जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपचे प्रोसेसर सॉकेटसह आले, पण तो वेगळा आणि छोटा वर्ग आहे.

तुमचा प्रोसेसर सुटा निघाला तर तीन गोष्टी बघा. नवा प्रोसेसर त्याच सॉकेटचा आणि त्याच पिढीच्या चिपसेटला (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप) चालणारा हवा, लॅपटॉपच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी धावणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) त्याला आधार हवा, आणि त्याची उष्णता तुमच्या हीटसिंकला (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) झेपायला हवी. ३५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा घातला तर चालतो कधीकधी, पण तापून पुन्हा मंदावतो. त्याच लॅपटॉप मॉडेलसोबत कंपनीने कारखान्यातून जे प्रोसेसर दिले होते त्या यादीतला वरचा निवडणं सगळ्यात सुरक्षित.

सोल्डर केलेला प्रोसेसर बदलण्यात अडचण नेमकी कुठे आहे?

लोकांना वाटतं की सगळी अडचण सोल्डरिंगचीच आहे. ती आहेच, पण माझ्या मते ती दुसऱ्या क्रमांकाची.

बीजीए प्रोसेसरच्या पोटाखाली हजाराहून जास्त सोल्डरचे बारीक गोळे असतात. दोन गोळ्यांमधलं अंतर एक मिलिमीटरपेक्षाही कमी. सगळे एकाच वेळी वितळायला हवेत आणि एकाच वेळी बसायला हवेत. आजकालचं शिसंविरहित सोल्डर २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळतं, जुनं कथील-शिशाचं १८३ अंशांना. म्हणजे बोर्ड खालून आणि वरून सावकाश, ठरावीक गतीने तापवावा लागतो. नुसती हॉट एअर गन वरून धरली तर बोर्ड वाकतो, आजूबाजूचे सुटे भाग सरकतात, आणि चिपमध्ये ओल शिरलेली असेल तर ती वाफ होऊन चिपचे थर फाटतात. काही बोर्डांवर प्रोसेसरच्या कडेने चिकट राळ भरलेली असते. ती नीट न काढता चिप उचलली तर तांब्याचे पॅडच उखडून येतात, आणि मग तो बोर्ड संपला. त्यात नवा प्रोसेसर म्हणून जो मिळतो तो बहुतेकदा दुसऱ्या बोर्डावरून उतरवून, नवे गोळे लावून विकलेला असतो. त्याने आधीच एक-दोनदा ही उष्णता सोसलेली असते.

समजा हे सगळं उत्तम जमलं. आता पहिल्या क्रमांकाची अडचण सुरू होते, ती बायोस आणि त्याच्या आतल्या फर्मवेअरची. बायोसमध्ये त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याला चालवणाऱ्या मूळ सूचना) नसेल तर स्क्रीन काळीच राहते. इंटेलच्या ‘यू’ मालिकेत चौथ्या पिढीपासून चिपसेटही प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेला असतो. म्हणजे प्रोसेसर बदलला की चिपसेटही बदलला. बायोसच्या चिपमध्ये मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचा) जो भाग असतो तो जुन्या चिपसेटशी जुळवून ठेवलेला असतो. तो ‘प्रोग्रॅमर’ नावाचं उपकरण लावून साफ करून पुन्हा लिहावा लागतो. तो तसाच ठेवला तर लॅपटॉप सुरूच न होणं, पंखा पूर्ण वेगाने फिरत राहणं किंवा अर्ध्या तासाने आपोआप बंद पडणं असे प्रकार होतात.

याहून कठीण भिंत आहे बूट गार्डची. लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतःच्या डिजिटल किल्लीची खूण चिपसेटमधल्या फ्यूजमध्ये कायमची जाळून ठेवते, आणि त्या किल्लीने सही केलेला बायोसच चालू होतो. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावरून काढलेल्या ‘यू’ प्रोसेसरमध्ये त्या दुसऱ्या कंपनीची खूण असते. असा प्रोसेसर तुमच्या लॅपटॉपचा बायोस चालूच होऊ देत नाही. फ्यूज एकदा जळला की परत येत नाही, त्यामुळे इथे कौशल्याचा काही उपयोग होत नाही. म्हणूनच एखादा उत्साही माणूस ‘मला जमलं’ म्हणतो आणि तेच करून दुसऱ्याचा लॅपटॉप मरतो: दोघांच्या चिपा कुठून आल्या त्यावर सगळं अवलंबून होतं.

पॅकेजचं नाव एक असलं म्हणजे चिप चालते असंही नाही. सातव्या पिढीचा आय५-७२००यू आणि आठव्या पिढीचा आय५-८२५०यू दोन्ही १३५६ गोळ्यांचे. पहिला दोन कोअरचा, दुसरा चार कोअरचा. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची अधिकृत यादी इंटेलसाठी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा बदल करण्याचा मोह अलीकडे बऱ्याच जणांना होतो. पण गोळ्यांची संख्या जुळणं ही फक्त पहिली अट. बोर्डावरची वीज पुरवणारी सर्किट त्या चिपच्या मागणीला पुरायला हवीत आणि बायोसला ती पिढी ओळखता यायला हवी. सातव्या पिढीसाठीच काढलेल्या बायोसमध्ये आठव्या पिढीचा आधार असेल असं गृहीत धरू नका.

आणि एवढं करून मिळतं काय? आय५-८२५०यू आणि आय७-८५५०यू शेजारी ठेवा. दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड, दोघांची मर्यादा १५ वॅट. टर्बो वेग (थोड्या वेळापुरता गाठता येणारा सर्वाधिक वेग) ३.४ च्या जागी ४ गिगाहर्ट्झ, कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ६ च्या जागी ८ मेगाबाइट. काही सेकंदांच्या कामात हा फरक दिसतो. काम लांबलं की दोघेही त्याच १५ वॅटच्या चौकटीत येतात आणि फरक जवळजवळ विरून जातो. यासाठी चांगला चालणारा बोर्ड धोक्यात घालू नये असं मला ठामपणे वाटतं.

बीजीए बदलणं योग्य ठरतं ते दुरुस्तीसाठी. प्रोसेसर खरोखर मेला आहे, बोर्ड दुर्मिळ आहे, आणि अगदी त्याच मॉडेलची चिप, शक्यतो त्याच कंपनीच्या बोर्डावरची, मिळते आहे, अशा वेळी. तिथेही काम सुरू होण्याआधी तंत्रज्ञाने बायोस चिपची प्रत काढून ठेवली पाहिजे.

मग लॅपटॉप हळू का आहे?

लॅपटॉप अडखळत असतानाच टास्क मॅनेजर उघडा. आरामात असताना बघून काही कळत नाही. सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे बघा.

डिस्क सतत १०० टक्के आणि सीपीयू २०-३० टक्क्यांवर रेंगाळतोय, तर दोष प्रोसेसरचा नाही. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असणार. अशी डिस्क विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते, साधी साटा एसएसडीही हजारोंच्या घरात वाचते. जुन्या लॅपटॉपवर एसएसडी घालण्याहून मोठा बदल दुसरा कुठलाच नाही. प्रोसेसर तोच राहूनही मशीन नवं वाटायला लागतं.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही मधूनमधून उसळ्या घेतेय, तर रॅम अपुरी आहे. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. ‘एसओडिम’ असेल तर सुटी पट्टी आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅमही सोल्डर केलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये थोडी सोल्डर केलेली आणि वर एक मोकळा स्लॉट असतो, म्हणून मागचं झाकण उघडून किंवा मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघून खात्री करा. एकच पट्टी असेल तर दुसरी तेवढीच घातल्यावर मेमरी दोन चॅनेलने चालते, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्या लॅपटॉपला याचा चांगलाच फायदा होतो.

सीपीयू १०० टक्के असेल तर तिथेच निष्कर्ष काढू नका. त्याच पानावरचा ‘स्पीड’ वाचा. सगळ्या तपासणीत याच आकड्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

*वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलाय.* हा दोष फार वेळा दिसतो आणि फार वेळा ‘प्रोसेसर गेला’ म्हणून खपवला जातो. बोर्डावरचा एखादा भाग प्रोसेसरला ‘हळू चाल’ असा संकेत देत असतो आणि प्रोसेसर निमूटपणे पाळतो. बाहेरून येणाऱ्या या संकेताला बीडी प्रोचॉट म्हणतात. सगळ्यात आधी चार्जर बघा. कमी वॅटचा किंवा लॅपटॉपला न ओळखता येणारा चार्जर लावला की अनेक मॉडेल मुद्दाम वेग खाली आणतात. चार्जरच्या पिनेतली ओळख देणारी बारीक तार तुटली असेल तर मूळ चार्जरही ओळखला जात नाही. काही लॅपटॉप सुरू होताना तशी सूचना स्क्रीनवर देतात, आणि आपण एंटर दाबून पुढे जातो. चार्जर काढून फक्त बॅटरीवर वेग पूर्ववत होतो का ते बघा. उलट बॅटरी मेलेली असेल तरीही हाच प्रकार होतो. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला वाटला, तर बाकी तपासणी थांबवा आणि आधी ती बॅटरी काढून घ्या. तिला टोचू नका, दाबू नका.

थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये ‘बीडी प्रोचॉट’ची खूण काढून बघता येतं. वेग लगेच वर गेला तर निदान पक्कं झालं. प्रोसेसरचं स्वतःचं अतिउष्णतेपासूनचं संरक्षण त्याने बंद होत नाही, पण बोर्डावरचे इतर भाग तापल्याची सूचना मात्र दबते. म्हणून हे तपासण्यापुरतं वापरा आणि मूळ कारण दुरुस्त करा.

*सुरुवातीला वेग चांगला, मग घसरतो.* तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम चालू ठेवून काही मिनिटं जड काम करा. तापमान ९५ ते १०० अंशांना टेकतंय आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर ‘येस’ येतंय, तर उष्णता बाहेर जात नाही. पंख्याच्या पात्यांवरची धूळ सगळे पुसतात. खरा अडथळा पंखा आणि हीटसिंकच्या पन्हाळ्या यांच्या मध्ये साचलेला धुळीचा नमदा असतो, आणि तो पंखा उचलल्याशिवाय दिसतच नाही. बाहेरून हवा मारली तर तो आणखी आत दाबला जातो. पंखा सोडवा, तो थर चिमट्याने उचला, हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळून पापुद्र्यासारखी झाली असेल तर आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर हीटसिंक तिरका बसतो. मेमरी आणि वीज सर्किटवरचे मऊ थर्मल पॅड फाटले असतील तर तेवढ्याच जाडीचे नवे घ्या. जाड पॅडमुळे प्रोसेसरवरचा दाब कमी होतो आणि काम उलटं होतं.

तापमान ७०-७५ अंशांतच आहे आणि तरी वेग घसरतोय, ‘पॉवर लिमिट एक्सीडेड’ दिसतंय, तर तो बिघाड नाही. १५ वॅटचा प्रोसेसर थोडा वेळ, बहुतेक मॉडेलमध्ये २८ सेकंदांच्या आसपास, जास्त वीज घेतो आणि मग ठरलेल्या मर्यादेत येतो. पूर्वी व्होल्टेज थोडं कमी करून याच मर्यादेतून जास्त वेग काढता यायचा. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाली, आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटमध्ये बऱ्याच लॅपटॉपवर ती सोय बंद झाली. निव्वळ त्यासाठी जुना बायोस परत घालण्याचा सल्ला मी देणार नाही.

*वेग बेसच्या, म्हणजे प्रोसेसरच्या ठरलेल्या मूळ वेगाच्या, वर जातच नाही.* पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के ठेवलेलं असतं का बघा. लॅपटॉप थंड ठेवायचा उपाय म्हणून कोणीतरी ते कधीतरी करून ठेवतं आणि विसरून जातं. ९९ केलं की टर्बो पूर्ण बंद होतो. १०० करा.

हे सगळं तपासून वेग पूर्ण टर्बोला आहे, तापमान ठीक आहे, एसएसडी आहे, रॅम पुरेशी आहे, आणि तरी सीपीयू १०० टक्क्यांवर बसून तुमचं काम रखडतंय, तर तुमची शंका खरी. प्रोसेसर कमी पडतोय.

प्रोसेसरऐवजी मदरबोर्ड

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे पूर्ण मदरबोर्ड बदलणं. त्याच मॉडेलचा, वरच्या प्रोसेसरचा बोर्ड. त्यावर बायोस, चिपसेट, वीज सर्किट सगळं एकमेकांशी जुळलेलं येतं, त्यामुळे वर सांगितलेल्या फर्मवेअरच्या अडचणी उरत नाहीत. एखादा दुकानदार ‘प्रोसेसर अपग्रेड करून देतो’ म्हणाला तर पहिला प्रश्न विचारा: चिप बदलणार की बोर्ड? चिप म्हणाला तर ती कुठल्या बोर्डावरची आणि बायोसचं काय करणार, हे विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर लॅपटॉप परत घ्या.

बोर्ड निवडताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली दोन वर्षांत दोन वेगळे बोर्ड निघतात. बोर्डावरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि सर्व्हिस मॅन्युअलमधली यादी जुळवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या बोर्डाला वेगळा हीटसिंक लागतो, कधी दुसरा पंखा, कधी मोठा चार्जर. स्क्रीनची केबल, कीबोर्डची पट्टी आणि चार्जिंगचा सॉकेट यांच्या जागा फोटोवरून एकेक करून ताडून बघा. वापरलेला बोर्ड घेत असाल तर त्यावर बायोस पासवर्ड किंवा कुठल्या संस्थेचं व्यवस्थापनाचं कुलूप नाही याची खात्री करून घ्या. फ्रेमवर्क कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप बनवते ज्यांचा मेनबोर्ड बदलणं ग्राहकानेच करायचं असतं. तिथेही डीडीआर४ च्या बोर्डावरून डीडीआर५ च्या बोर्डावर गेलात तर रॅम नवी लागते.

बोर्ड काढण्याआधी एक काम कुठल्याही परिस्थितीत करा: बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. तुम्ही बिटलॉकर कधी चालू केलं नसेल तरी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने ते आपोआप चालू असू शकतं. त्याची किल्ली टीपीएममध्ये (बोर्डावरच्या सुरक्षेच्या भागात) असते आणि टीपीएम जुन्या बोर्डाबरोबर जातो. नव्या बोर्डावर तीच एसएसडी लावली की विंडोज ४८ अंकी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला. ईएमएमसी स्टोरेज असेल तर ते बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, म्हणून पूर्ण बॅकअप घ्या. विंडोजचा परवानाही मूळ बोर्डाशी बांधलेला असतो. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये त्याच आवृत्तीची की असेल तर विंडोज आपोआप सक्रिय होतं, नसेल तर परवान्याची सोय वेगळी करावी लागते.

जोडणी करताना सगळ्यात आधी बॅटरीची केबल काढलेली असू द्या आणि सगळ्यात शेवटी लावा. पहिल्यांदा सुरू करताना चार्जर जोडा, कारण केबल काढल्यावर अनेक बॅटऱ्या चार्जर मिळेपर्यंत वीज सोडतच नाहीत. स्क्रीन मिनिटभर किंवा त्याहून जास्त काळी राहू शकते, विशेषतः डीडीआर५ असेल तर. बोर्ड तेवढ्या वेळात मेमरीची जुळवणी करत असतो. त्या वेळात पॉवर बटण दाबून ठेवू नका.